होयाची वेल : डोळा व निचरा

शेतकीच्या मासिकांत घरांत टांगावयाच्या वेलीवर लिहिणें कित्येक वाचकांस अस्थानीं वाटेल. जिच्यापासून धान्य नाहीं, वैरण नाहीं, व जिची नोंद कोणत्याही पीकपाहणींत होत नाहीं, अशा वेलीची शेतकऱ्यास काय मातबरी, असें कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे, म्हणून आधीं त्याचेंच उत्तर देतों.

आज पुणें शहरांत ज्यांचीं बिऱ्हाडें आहेत, त्यांपैकीं पुष्कळांच्या नांवावर गांवीं जमीन आहे. मुलांच्या शिक्षणाकरितां किंवा नोकरीकरितां माणूस शहरांत येतो, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतो, आणि मातीची संवय सुटत नाहीं म्हणून सज्जांत चार कुंड्या मांडतो. येथपर्यंत सर्व ठीक. परंतु शेतावर जें ज्ञान तो क्षणभरही विसरत नाहीं, तेंच कुंडीपुढें उभा राहतांच बाजूस ठेवतो, व दुकानदार सांगेल तें प्रमाण मानतो. होया नांवाची वेल हें याचें ठळक उदाहरण होय. माझें म्हणणें इतकेंच कीं, ही वेल जगविण्यास परकी विद्या लागत नाहीं. उसाचा डोळा आणि जमिनीचा निचरा ह्या दोन गोष्टी ज्यास कळतात, त्यास ही वेल कळलीच म्हणून समजावें.

प्रथम ही वेल कोण, तें पाहूं. रॉबर्ट ब्राउन नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८१० सालीं ह्या वर्गास होया हें नांव दिलें, तें इंग्लंडांत नॉर्थंबरलंडच्या ड्यूकच्या बागेवर असलेल्या टॉमस हॉय ह्या माळ्याच्या सन्मानार्थ. वनस्पतीस ड्यूकचें नांव न मिळतां माळ्याचें मिळावें, ही गोष्ट हातानें माती उकरणाऱ्यांस संतोष देणारी आहे. नांव परकें असलें तरी कुळ परकें नाहीं. आपल्या बांधावरील रुई, रानांतील हिरणदोडी व औषधांत पडणारी उपळसरी हीं हिचीं भावंडें होत. पान तोडलें असतां निघणारा पांढरा चीक ही त्या घराण्याची खूण. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य असलेले थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ ह्या काळांत मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतही होयाचा समावेश आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील दमट रानांत हिच्या कांहीं जाती झाडांवर चढलेल्या आढळतात.

झाडावर वाढते म्हणून कित्येक हिला बांडगूळ समजतात, पण तसें नाहीं. बांडगूळ आंब्याच्या अंगांत मूळ घालून त्याचा रस ओढतें. होया झाडाचा आधार तेवढा घेते. सालीच्या फटींत सांचलेला कुजका पाला, व पाऊस येऊन निथळून गेलेलें पाणी, एवढ्यावर तिचें भागतें. तिचीं जाड पानें हीच तिची पाण्याची सांठवण. कित्येक जाती निवडुंगाप्रमाणें रात्रीं पानांचीं छिद्रें उघडून हवा आंत घेतात व दिवसाच्या उन्हांत तीं मिटून ठेवतात, त्यामुळें पाणी कमी उडतें. फुलें चांदणीच्या आकाराचीं, मेणाचीं केल्यासारखीं, झुबक्यांनीं येतात, आणि पुष्कळ जातींचा वास सायंकाळनंतर अधिक दरवळतो. हा स्वभाव ध्यानांत घेतला म्हणजे पुढील सर्व गोष्टी आपोआप समजतात.

आतां पहिली गोष्ट, डोळ्याची. दरसाल फेब्रुवारीच्या १४ तारखेच्या सुमारास पत्त्यांतील बदामाच्या आकाराचें एकच जाड पान लहानशा कुंडींत खोंवून विकावयास येतें. हें पान होया केरी नांवाच्या जातीचें. ती मूळची आग्नेय आशियांतील. घेणारा समजतो कीं, आज पान आहे, उद्यां वेल होईल. वास्तविक त्या पानाच्या देठास खोडाचा डोळ्यासह तुकडा नसेल, तर पान मुळ्या धरील, वर्षेंच्या वर्षें हिरवें राहील, पण त्यास कोंब म्हणून फुटणार नाहीं. डोळा नसलेली उसाची टिपरी बेणें म्हणून फुकट दिली, तरी आपल्यांतला कोणी घेईल काय? मग शहरांत येऊन तेंच बेणें पैसे मोजून कां घ्यावें? कोणी म्हणतील, शोभेची वस्तु आहे, शोभेपुरती घेतली तर काय बिघडलें? कांहीं बिघडलें नाहीं. मात्र विकणाऱ्यानें हें पान आहे, रोप नव्हे, असें स्पष्ट सांगून विकावें. न सांगतां विकणें म्हणजे पोंचट बियाणें विकण्यासारखेंच आहे, आणि त्यास आपण शेतावर काय म्हणतों तें लिहिण्याची गरज नाहीं.

दुसरी गोष्ट निचऱ्याची, आणि ही अधिक महत्त्वाची. घरांतील होया दुष्काळानें क्वचितच मरते. बहुधा ती मरते पाण्यानें. प्रेमापोटीं रोज तांब्या ओतला जातो, खालची बशी भरून राहते, मुळ्यांस हवा मिळत नाहीं, त्या कुजतात, आणि पानें मलूल झालीं म्हणून आणखी पाणी दिलें जातें. ही कथा आपणांस नवी नाहीं. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. त्यानें बारामतीच्या बाजूस ऊस आला, संपत्ति आली. परंतु जेथें निचरा नसतां पाणी देत गेले, तेथील कित्येक चांगल्या जमिनी पाणथळ व खारवट झाल्या, आणि चर खणून त्या सुधारण्याची पाळी आली. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पड जमिनीच्या नोंदी मीं पुष्कळ लिहिल्या आहेत. पाण्यावांचून पडलेली जमीन एका चांगल्या पावसानें उठते, पण पाण्यानें बिघडलेली जमीन उठविण्यास वर्षें लागतात. कुंडी हें चार बोटांचें शेत आहे. तिचाही नियम हाच.

यावरून पुण्याच्या हवेंत काय करावें तें सांगतों. कुंडी मातीची, बुडास भोंक असलेली, चार-पांच इंच व्यासाची पुरे. मोठी कुंडी पाणी धरून ठेवते, म्हणून ती घेऊं नये. काळी माती अजिबात घालूं नये. नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटांचे व कोळशाचे बारीक खडे, आणि कुजलेल्या पाल्याचें खत, हीं समभाग घ्यावीं. जागा पूर्वेच्या खिडकीजवळची उत्तम. सकाळचें ऊन मानवतें, पण एप्रिल-मेमध्यें जेव्हां पारा ४० अंशांपर्यंत चढतो, तेव्हांचें पश्चिमेचें ऊन पानें भाजतें. पाणी देण्यापूर्वीं बोट घालून पाहावें. मिश्रण वरून सुकलें असेल व पान हलकेंच वांकवितां लवचीक लागत असेल, तरच भरपूर पाणी द्यावें व तें निथळूं द्यावें. पावसाळ्यांत कुंडी पागोळीखालीं ठेवूं नये. थंडींत पाणी आणखी कमी करावें. खत द्यावयाचें तर अगदीं पातळ करून, वाढीच्या दिवसांतच द्यावें.

फुलाविषयीं एक सूचना अवश्य आहे. फूल गळल्यावर जो आंखूड दांडा राहतो, तो वाळका समजून कापूं नये. त्याच दांड्यावर पुढल्या खेपेस पुन्हा झुबका येतो. तसेंच पानावांचून लांब वाढलेला शेंडा निरुपयोगी समजून खुडूं नये. वेल आधार शोधीत असते, पानें मागून येतात. रुईवर बसणारा पिंवळा मावा ह्या वेलीवरही बसतो, व पिठ्या ढेकूण सांध्यांत लपतो. पाण्याची धार, साबणाचें पाणी किंवा आपला नेहमींचा निंबोळी अर्क एवढ्यानें काम भागतें.

शेवटीं, रोप आणावें कोठून? घाटांतून ओरबाडून आणलेली वेल कोणी विकावयास आणली, तर ती घेऊं नये. राखीव वनांतून परवानगीवांचून वनस्पति काढणें हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखालीं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूस ठेवला, तरी दमट रानांतली ती वेल पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यांत क्वचितच टिकते. याउलट, घरीं रुळलेल्या वेलीचा दोन डोळ्यांचा तुकडा जून-जुलैंत घेऊन, चीक सुकवून, वरील मिश्रणांत लावला, तर महिन्याभरांत मुळ्या धरतो. शेजाऱ्याकडून मागून आणण्यासारखी ही वस्तु आहे. होया कार्नोसा ही जात नवशिक्यास सोपी. पुण्याच्या एम्प्रेस उद्यानांत हिवाळ्यांत पुष्पप्रदर्शन भरतें. तेथें जाणाऱ्यांनीं नुसतीं फुलें न पाहतां कुंड्यांचीं बुडेंही पाहावीं.

शहराजवळ ज्यांची थोडी बागाइत आहे, त्यांनीं ह्याचा आणखी एका दृष्टीनें विचार करावा. बाजारांत डोळ्यावांचून पान विकलें जातें, याचा अर्थ गिऱ्हाईक आहे, पण खरें रोप पुरेसें नाहीं. सावलीच्या एका मांडवांत डोळ्याचें रोप तयार करून, त्यास पाणी किती द्यावें हें सांगून जो विकील, त्याचें गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षीं पुन्हा येईल. हा धंदा कोणास श्रीमंत करील असें मी म्हणत नाहीं. परंतु प्रामाणिक बेणें विकणें हें आपलें जुनें काम आहे, आणि तें शेतांत करावें तसेंच कुंडींतही करावें.