‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा फसलेला भाग आणि शॉकची भीती

आजचा लेख एका मालिकेवर आहे. डॉक्टरने मालिकेवर कशाला लिहावं, असं वाटेल; पण शेवटपर्यंत वाचा.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही नेटफ्लिक्सवरची विज्ञानकथा आता आपल्याकडची कॉलेजची मुलंही हिंदीत बघतात. तिचा दुसरा सीझन ऑक्टोबर 2017 मध्ये आला. त्यातला सातवा भाग, ‘द लॉस्ट सिस्टर’, प्रेक्षकांना सर्वांत कमी आवडलेल्या भागांपैकी एक आहे. सहावा भाग ऐन धोक्याच्या क्षणी थांबतो आणि सातवा आपल्याला त्या गावातून उचलून थेट शिकागोला नेतो. सगळा भाग एकट्या इलेव्हनचा. प्रयोगशाळेत वाढलेली ही मुलगी तिथे कालीला भेटते. कालीही त्याच प्रयोगशाळेतली. आपल्याला छळणाऱ्यांना ती टोळी घेऊन शोधते आणि मारते.

एका पात्रासाठी पूर्ण भाग दिला, हे मला खटकत नाही. खटकतं ते हे, की एवढा वेळ मिळूनही त्या पात्राचं खरं दुःख बाजूलाच राहतं. ते दुःख म्हणजे तिची आई, टेरी. लेकीला सोडवायला ती प्रयोगशाळेत घुसली, म्हणून तिच्या डोक्याला विजेचे शॉक दिले गेले. मशीनचा आकडा 450 पर्यंत नेला. तेव्हापासून ती खुर्चीत बसून तेच ते शब्द पुटपुटते. शॉक देणारा माणूस सापडतो, त्याच्या मुलींचा फोटो बघून इलेव्हन त्याला जिवंत सोडते. प्रसंग चांगला आहे. पण आईवर काही उपचार होऊ शकतो का, हा प्रश्न त्या भागात कोणीच विचारत नाही. आईचा आजार फक्त सूड पेटवायला वापरला गेला.

आता डॉक्टर म्हणून बोलतो. माणूस तासन्‌तास एका जागी बसतो, हाक मारली तरी उत्तर देत नाही, तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो, खाणंपिणं सोडतो, अशी एक खरी अवस्था आहे. तिला कॅटाटोनिया म्हणतात. तिच्यावर आधी औषधं देतात. त्यांनी भागलं नाही, तर सर्वांत परिणामकारक उपचार म्हणजे ईसीटी, म्हणजेच ज्याला आपण ‘शॉक’ म्हणतो तोच! पडद्यावर जो आजाराचं कारण आहे, तो प्रत्यक्षात त्या अवस्थेवरचा इलाज आहे.

शॉक छळासाठी वापरले गेले नाहीत, असं माझं म्हणणं नाही. 1938 मध्ये रोममध्ये ही पद्धत सुरू झाली, तेव्हा भूल न देताच शॉक देत. पुढे काही ठिकाणी तिचा दुरुपयोगही झाला. मालिकेच्या या सीझनची गोष्ट 1984 ची आहे आणि त्यात दाखवलेला शॉक हा छळच आहे. पण प्रेक्षकाच्या मनात छळ आणि उपचार एकच होऊन बसतात.

मग काय होतं? तीव्र नैराश्याचा पेशंट, जेवण सोडलेला, जीव देण्याच्या गोष्टी करणारा. मनोविकारतज्ज्ञ ईसीटी सुचवतात आणि घरचे हात जोडतात, “करंट नका लावू जी, पुरा येडा होईन तो!” पेशंटला उठवून घरी नेतात. औषधांना गुण यायला काही आठवडे लागतात. ईसीटीचा परिणाम बहुधा त्याआधी दिसतो. आपल्या अमरावती-अकोल्याकडे, जिथे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी घरंच्या घरं उजाड झाली, तिथे हे दिवस फार मोलाचे आहेत.

आज ईसीटी अशी देतात:

- आधी हृदय, रक्तदाब वगैरे तपासतात. पेशंट उपाशीपोटी असतो.
- थोड्या वेळाची भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देतात.
- काही सेकंद मोजून-मापून वीज देतात. मेंदूत साधारण मिनिटभर किंवा त्याहून कमी वेळ फिट येते. पेशंटला काही कळत नाही.
- आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण बहुधा 6 ते 12 वेळा.

त्रास होतो का? होतो. डोकं दुखतं, थोडा वेळ गोंधळल्यासारखं होतं. उपचाराच्या आसपासच्या आठवणी पुसट होतात. काहींच्या काही आठवणी परत येत नाहीत. हे आधी स्पष्ट विचारा, तो तुमचा हक्क आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देण्यावर बंदी आहे. अल्पवयीन मुलांना तर पालकांची संमती आणि मंडळाची आधी परवानगी असल्याशिवाय देताच येत नाही.

मालिका जरूर बघा. पण घरातलं माणूस असं गप्प झालं, तर शिकागोचा तो भाग आठवून घाबरू नका. मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. कुठे जावं सुचत नसेल, तर 14416 हा टेली-मानसचा मोफत नंबर चोवीस तास सुरू असतो. मराठीतही बोलता येतं. टेरीच्या खुर्चीजवळ हा प्रश्न कोणी विचारला नाही. तुम्ही विचारा.