योजनेतून नवी मशीन येते, पण बंद पडलेली दुरुस्त कोण करणार?

डहाणू/तलासरी : वर गोणपाट टाकलेलं, त्यावर पोरांची दप्तरं, अशी बंद शिलाई मशीन डहाणू-तलासरीच्या गावांत शोधायला लांब जावं लागत नाही. कुठे ती आजीच्या काळातली काळी सिंगर असते, कुठे वापीच्या कंपनीत पहिले पगार झाल्यावर घेतलेली उषा, तर कुठे चार-पाच वर्षांपूर्वी योजनेतून आलेली. बंद का आहे विचारलं तर उत्तर ठरलेलं : दोरा तुटतो, टाका सुटतो आणि बघायला कोण नाही. मग एक दिवस भंगारवाल्याचा टेम्पो येतो आणि मशीन किलोच्या भावाने जाते. पुढच्या वर्षी त्याच घरातली बाई नव्या मशीनसाठी पंचायतीत अर्ज करते.

शिलाई मशीन देणाऱ्या योजनांची कमी नाही. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडून मशीन मिळतात, आदिवासी विकासच्या डहाणू प्रकल्प कार्यालयाकडूनही अशा वस्तूंसाठी मदत होत आली आहे. त्यात १७ सप्टेंबर २०२३ पासून केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आली. अठरा प्रकारच्या कारागिरांत शिंपीही आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर आणि पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज, असा तिचा आराखडा. योजना चांगली आहे, यात वाद नाही. पण अठरांच्या यादीत लोहार आहे, कुलूपवाला आहे, मासेमारीची जाळी विणणारा आहे, होडी बांधणारा आहे. शिलाई मशीन दुरुस्त करणारा नाही. शिंप्याला मशीन दिली, पण त्या मशीनचा डॉक्टर कोण, हा कागद कुणी लिहिलाच नाही.

याचा फटका कुठे बसतो ते शाळेच्या गणवेशात दिसलं. २०२४-२५ मध्ये राज्य सरकारने 'एक राज्य एक गणवेश' आणला. कापड वरून येणार आणि महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या बायका शिवणार, असं ठरलं. स्काऊट-गाईडच्या गणवेशाला शिलाई आणि वरखर्च मिळून ११० रुपये. राज्यभर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. गणवेश उशिरा पोचले, मापं चुकली, पोरं जुन्याच कपड्यात शाळेत गेली. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि गणवेशाचं काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. म्हणजे काम पुन्हा गावात आलंय. समितीने ठरवलं तर सायवनच्या पोरांचे गणवेश सायवनमध्ये आणि उधव्याचे उधव्यात शिवले जाऊ शकतात. एका गणवेशाला ३०० रुपये धरलेले असतात, त्यातली शिलाई गावातल्या बाईच्या हातात पडू शकते. पण जूनच्या तोंडावर शंभर गणवेश शिवायचे आणि दोन मशीनपैकी एक बंद, असं असेल तर समिती तरी काय करणार? ऑर्डर सरळ शहरातल्या दुकानदाराकडे जाते.

दुरुस्तीला न्यायचं म्हटलं तर आधी ओझं. जुन्या लोखंडी मशीनचं नुसतं डोकं बारा-तेरा किलोच्या घरात जातं, स्टँड वेगळा. पाड्यावरून ते डोक्यावर किंवा मोटारसायकलला बांधून रस्त्यापर्यंत आणायचं, मग जीपने कासा, तलासरी नाहीतर डहाणू. तलासरीकडचे बरेच जण सरळ महामार्गाने वापी गाठतात. एक दिवसाची मजुरी बुडाली, भाडं गेलं, आणि दुकानदार म्हणतो ठेवून जा, पुढच्या आठवड्यात या. म्हणजे अजून एक खेप. यापेक्षा भंगारवाला बरा, असं कुणाला वाटलं तर त्या बाईला दोष देता येत नाही.

खरं म्हणजे यातल्या बहुतेक मशीन मेलेल्या नसतातच. सिंगर कंपनीचा माल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच मुंबईत येत होता. नसरवानजी मेरवानजी पटेल नावाच्या पारशी माणसाने कितीतरी वर्षं कंपनीचा हिंदुस्थानातला धंदा सांभाळला, आणि हप्त्याने मशीन विकण्याची पद्धतही सिंगरचीच. १९३५ च्या सुमारास कोलकात्यात जय इंजिनीअरिंगने देशी मशीन काढली, तीच उषा. नंतर लुधियानात शिलाई मशीन आणि सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. महत्त्वाची गोष्ट अशी की आपल्याकडच्या बहुतेक काळ्या पायमशीन, नाव कुठलंही असो, सिंगरच्या पंधरा नंबर मॉडेलच्या नकलेवर बनल्या आहेत. त्यामुळे त्यांना आजची साधी घरगुती सुई चालते, आजची गोल बॉबिन आणि बॉबिन केस बसते, शटलही मिळतं. पन्नास वर्षं जुन्या मशीनचा पार्ट आज नवा मिळतो, असं दुसरं यंत्र घरात दाखवा. दहा वर्षांपूर्वीच्या मोबाईलची बॅटरी तरी मिळते का?

अडचण येते ती त्याहून जुन्या मॉडेलला. खालची पत्री सरकवल्यावर गोल बॉबिनऐवजी होडीसारखं लांबट शटल आणि त्यात काडीसारखी बारीक बॉबिन दिसली, तर मशीन जुन्या घराण्यातली समजायची. त्याचे भाग गावच्या दुकानात मिळणार नाहीत, पण लांब शटल आणि बॉबिन आजही नव्या बनतात, ऑनलाइन मिळतात. सिंगर असेल तर उजव्या हाताला बैठकीवर ठोकलेला नंबर असतो. १९०० पासूनच्या मशीनवर नंबराच्या आधी इंग्रजी अक्षर येतं आणि त्यावरून कारखाना, वर्ष कळतं. आपल्याकडे स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातल्या पुष्कळ आल्या. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, मशीन अजून चालतायत.

स्क्रू मात्र जपायचा. सिंगरच्या स्क्रूचे आटे कंपनीचे स्वतःचे, हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट त्यात जात नाही. जबरदस्तीने पिळला तर भोकातले आटे जातात आणि पाच मिनिटांचं काम कायमचं बिघडतं. म्हणून जाणता कारागीर मोडकी मशीन कधी टाकत नाही. तिचे स्क्रू, स्प्रिंग, पट्ट्या डब्यात भरून ठेवतो. भंगारात गेलेल्या प्रत्येक मशीनबरोबर असा एक डबा भरून माल वितळायला जातो. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत त्याच लोखंडी पायांवर काच टाकून टेबल करतात आणि लोक फोटो काढतात, तो भाग वेगळा.

दुरुस्तीचं म्हणाल तर अर्धी मशीन तेलाने बंद पडते. तेल न घातल्याने, आणि चुकीचं तेल घातल्यानेही. घरात असतं म्हणून खोबरेल किंवा जेवणाचं तेल सोडलं जातं. महिनाभर मशीन हलकी चालते, मग ते तेल आटून गोंदासारखं चिकटतं आणि चाक फिरेनासं होतं. त्यात बोर्डी, चिंचणीकडची खारी हवा आणि आपला चार महिन्यांचा पाऊस. अशी अडकलेली मशीन हातोडीने ठोकायची नाही. सांध्यांत थोडं रॉकेल सोडून रात्रभर ठेवायचं, चाक हळूहळू मागेपुढे करायचं, सुटली की रॉकेल पुसून फक्त मशीनचं पांढरं तेल घालायचं. सोनेरी नक्षी पुसायला स्पिरिट घेऊ नये, जुना मुलामा निघून येतो. टाका सुटत असेल तर पहिली सुई बदलायची. सुई वाकडी नाहीतर चपटी बाजू उलट बसलेली, इथेच निम्मी दुखणी संपतात. ब्लाउजच्या कापडाला १४, जाड्याला १६, जीन्सला १८ नंबर.

या सगळ्यात मोबाईलवरून होणारी फसवणूकही आहे. 'प्रधानमंत्री मोफत शिलाई मशीन योजना' म्हणून लिंक फिरतात, फॉर्म भरा, फी भरा. केंद्राच्या पीआयबी फॅक्ट चेकने असे दावे खोटे असल्याचं पुन्हा पुन्हा सांगितलंय. विश्वकर्माच्या नोंदणीला पैसे लागत नाहीत. ती सध्या आपल्याकडे चालू आहे का, ते सेवा केंद्रात किंवा पंचायतीत विचारून घ्यावं. दुसरी अफवा जुन्या सिंगरची : तिच्यात लाल पारा असतो आणि लाखोंना विकली जाते. २००९ मध्ये सौदी अरेबियात हीच आवई उठली, लोकांनी जुन्या मशीनसाठी वेड्यासारखे पैसे मोजले आणि तिकडच्या पोलिसांना चौकशी करावी लागली. मशीनमध्ये लोखंड, पोलाद आणि थोडं पितळ असतं, पारा नाही. कुणी गाडी घेऊन आला आणि आधी 'तपासणी फी' मागितली, तर त्याला चहा पाजायचीही गरज नाही.

दुरुस्तीचा कारागीर गावात तयार होऊ शकत नाही, असं नाही. उषा कंपनीने २०११ पासून गावोगावच्या बायकांसाठी शिलाई शाळांचा कार्यक्रम चालवलाय, त्यात शिवणाबरोबर मशीनची दुरुस्ती-देखभालही शिकवतात. कंपनीला जे जमतं ते शासनाच्या शिवण वर्गाला का जमू नये? शंभर मशीन वाटायच्या असतील तर नव्वद वाटा, उरलेल्या पैशात चार-पाच गटांमागे एका पोरीला किंवा पोराला दुरुस्ती शिकवा आणि पेटीभर पार्ट द्या. पाना, पेचकस, सुया, बॉबिन केस, पट्टे, स्प्रिंग, तेल, एवढंच तर लागतं. आठवडी बाजारात ती पेटी घेऊन बसलं तरी गिऱ्हाईक चालत येईल. आज हे कुठल्याच अर्जाच्या नमुन्यात नाही, कारण वाटपाचा आकडा दाखवता येतो, फोटो निघतो. चालू झालेल्या जुन्या मशीनचा फोटो कोण काढणार?

वाट मात्र बंद नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के पैसा महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो. पंचायतीचा वर्षाचा आराखडा ग्रामसभेत मांडावा लागतो, आणि डहाणू-तलासरी पेसा क्षेत्रात असल्याने इथल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. गटाच्या बायकांनी आधी आपल्या गावात बंद मशीन किती, कुठल्या, काय बिघडलंय याची यादी केली तर विषय तोंडी राहणार नाही. प्रशिक्षणाची मागणी त्या यादीसकट लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

तोवर बाजाराला जाणाऱ्यांनी अख्खी मशीन नेण्याआधी बिघडलेला भाग काढून तोच कागदात गुंडाळून न्यावा, तोंडी वर्णनावर पार्ट घेऊ नये. मशीनचं नाव, ठोकलेला नंबर आणि खालच्या शटलचा स्पष्ट फोटो मोबाईलमध्ये असू द्यावा. दुकानात भाग मिळाला नाही तर तोच फोटो वापी किंवा मुंबईच्या दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवता येतो, आणि ते बारा किलोचं ओझं घरीच राहतं.