कॅन्टीनचे कार्ड कुणाचे?

दाभोळ बंदरापासून दापोलीपर्यंतच्या पट्ट्यात आपल्या समाजाच्या वाडीत गेलात, तर माजी सैनिकाचे घर कुणालाही विचारावे लागत नाही. दारात जुना ट्रंक असतो, भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीशेजारी फौजी गणवेशातला एक फोटो असतो. लग्नसराई जवळ आली किंवा मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी उतरले, की याच घरी माणसांची ये-जा वाढते. भाच्याच्या लग्नात मिक्सर द्यायचा आहे, साडूला कुकर हवा आहे, पुतण्याला सुटकेस हवी आहे. ‘‘काका, कॅन्टीनला कधी जाणार?’’ हा प्रश्न असतो. काका दिवस मोडतात, एसटी पकडतात, रांगेत उभे राहतात आणि दोन पिशव्या घेऊन परततात. त्या पिशव्यांत काकांच्या स्वतःच्या घरचे किती असते, हे कुणी विचारत नाही.

आपल्या चळवळीत या विषयावर कुणी लिहीत नाही. विषय लहान वाटतो, शिवाय प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी फौजी असतोच. म्हणून तर लिहायला हवे.

लष्कराचे कॅन्टीन ही काही खैरात नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, सैनिकांसाठी सरकारी कॅन्टीन सेवा उभी राहिली आणि १ जानेवारी १९४८ पासून ती कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट या नावाने चालू आहे. मुख्यालय मुंबईतच आहे. तेथून माल युनिटच्या कॅन्टीनपर्यंत जातो आणि सैनिक, माजी सैनिक व सैनिकाची विधवा यांना तो बाजारापेक्षा कमी भावात मिळतो. हा कमी भाव आभाळातून पडत नाही. २०१७ साली जीएसटी आला तेव्हापासून कॅन्टीनच्या खरेदीवरचा निम्मा कर सरकार सोडते. म्हणजे सरकारी तिजोरी तो भार उचलते, आणि दाभोळच्या जेटीवर टोपली वाहणारा मजूर साबणाच्या वडीवर जो कर भरतो तोही त्याच तिजोरीत जातो. नियमही साधा आहे. माल कार्डधारकासाठी आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबासाठी आहे, तो विकायचा नाही आणि कार्ड दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाही.

आता कुणी म्हणेल, सरकारचे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुले. आमचे कुटुंब तेवढे कधी होते? हा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. आपल्या समाजातला पोरगा फौजेत गेला तो एकट्या बापाच्या जिवावर गेला नाही. भरतीच्या गाडीभाड्याला आत्याने पैसे दिले, तो सीमेवर असताना त्याची शेती चुलत्याने कसली, त्याची बायको बाळंत झाली तेव्हा वहिनी उभी राहिली. बाबासाहेबांचेच घर पाहा. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त होऊन दापोली कॅम्पात राहिले, पुढे साताऱ्याला गेले. भीमाबाई गेल्यावर लहानग्या भिवाला वाढवले ते मीरा आत्याने. मुंबईत पुस्तकाला पैसे नसले की सुभेदार आपल्या विवाहित मुलींकडे जात. त्यांच्याजवळही पैसे नसले तर त्यांचा एखादा दागिना मारवाड्याकडे गहाण ठेवीत आणि पेन्शन हातात आली की सोडवून आणून देत, असे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. आणि माता रमाई? दापोलीजवळच्या वणंदच्या भिकू धुत्रे यांची ही लेक. वडील दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या वाहून नेत. आईवडील दोघेही गेल्यावर त्या पोरक्या भावंडांना काका आणि मामा मुंबईला घेऊन गेले. सरकारी कागदावर आत्या, काका, मामा, लग्न झालेली मुलगी यांपैकी कुणीही ‘अवलंबित’ नाही. पण ही माणसे नसती तर आपला इतिहासच वेगळा झाला असता.

तेव्हा नात्याचे ऋण आहे, आणि ते फेडलेच पाहिजे. मुद्दा एवढाच की ते कोणाच्या खिशातून फेडायचे? सुभेदारांनी लेकीचा दागिना सोडवला तो स्वतःच्या पेन्शनीतून. भाच्याच्या लग्नात मिक्सर द्यायचा असेल तर मामाने तो आपल्या पैशाने द्यावा, त्यात मामाचा मान आहे. भाच्याकडून पैसे घेऊन, कार्ड पुढे करून आणलेला मिक्सर ही भेट नव्हे. ती सरकारी सवलतीची दलाली झाली, मग त्यात दलाली एक रुपयाचीही नसो.

काही बांधवांना हा शब्द जड वाटेल. त्यांना मी एकच विचारतो. बोगस जातीच्या दाखल्यावर आपल्या जागा बळकावणाऱ्यांविरुद्ध आपण किती वर्षे ओरडलो? महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी स्पष्ट सांगितले, की खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी किंवा प्रवेश टिकू शकत नाही, मग कितीही वर्षे लोटलेली असोत. त्या निकालाचे आपण स्वागत केले. का केले? कारण सवलत ज्या कारणासाठी आणि ज्या माणसासाठी दिली आहे, त्याच्याखेरीज दुसऱ्याने ती उपभोगणे म्हणजे हक्कदाराच्या तोंडचा घास काढणे, हे आपल्याला पटलेले आहे. मिक्सर आणि मेडिकलची सीट यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मला कळते. पण तत्त्व एकच आहे. रोज उठून आपल्या आरक्षणाला ‘गैरफायदा’ म्हणणारे शेजारी आपल्या वाडीतले कॅन्टीनचे खोकेही मोजत असतात, हेही विसरू नका.

‘‘वरचे लोक ट्रकने नेतात, आमच्या चार साबणांचे काय घेऊन बसलात?’’ असे लगेच ऐकू येईल. वरच्यांचे खरेच आहे. मोटारींच्या खरेदीवर २०१९ मध्ये मर्यादा आणाव्या लागल्या, त्या काही वाडीतल्या नाईक-हवालदारामुळे नव्हेत. युनिटच्या कॅन्टीनचे हिशेब लेखापरीक्षणाच्या कक्षेबाहेर राहतात, याबद्दल महालेखापरीक्षकांनी २०१०-११ च्या अहवालात बोट ठेवले होते. (त्याच कॅन्टीनमध्ये काउंटरमागे राबणारा माणूस सरकारी नोकर मानला जात नाही, असा निकाल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.) पण वरच्याचा ट्रक सापडला तर चौकशी बसते आणि वर्षानुवर्षे चालते. खालच्या हवालदाराची पिशवी सापडली तर त्याचे कार्ड त्याच दिवशी बंद होते. सुटकेस मागणारा पुतण्या त्या दिवशी त्याच्याबरोबर रांगेत नसतो.

आणि साबणाचे म्हणाल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. कॅन्टीनच्या आणि बाजारच्या भावातले कराचे अंतर त्यामुळे खूप उतरले. एसटीचे तिकीट धरले तर दाभोळकराला साबणासाठी कॅन्टीन गाठणे परवडतच नाही. मग पाव्हण्यांची खरी ओढ कशाची? स्पष्ट बोललेले बरे. ओढ बाटलीची आहे. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिचा कोटा हुद्द्यानुसार ठरतो, आणि तो कोटा महिन्याला पुरा उचलायचाच असा काही ठिकाणी दंडक झाला आहे. स्वतः न पिणारा माजी सैनिकसुद्धा मेहुण्यासाठी, वाडीच्या पुढाऱ्यासाठी, हळदीच्या रात्रीसाठी रम आणून देतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. जयंतीच्या मिरवणुकीत ती प्रतिज्ञा म्हणायची आणि मिरवणूक संपल्यावर कॅन्टीनची बाटली फोडायची, हा काय प्रकार आहे? येथे नियमाचा प्रश्न दुय्यम आहे.

हे कार्ड आपल्याकडे आले कसे, ते तरुणांना ठाऊक नसते. महारांची भरती ब्रिटिशांनी १८९२-९३ च्या सुमारास बंद केली. तेव्हा याच दापोलीत राहणारे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्ये अर्ज तयार करीत होते. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट विलायतेच्या सरकारपुढे मांडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला. पन्नास वर्षे दार ठोठावल्यावर ते उघडले. आता ते पुन्हा अरुंद होते आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के पोरे फौजेत राहतील. बाकीचे घरी येतील ते पेन्शनविना आणि कॅन्टीनच्या कार्डाविना. आज काकाच्या कार्डावर सुटकेस मागणारा पुतण्या उद्या अग्निवीर होऊन परतला, तर त्याच्या हाती काय असेल, याची चर्चा वाडीच्या बैठकीत व्हायला हवी.

कॅन्टीनची तारीख सर्वांना पाठ असते, पण पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेचा अर्ज कधी भरायचा हे कुणाला ठाऊक नसते. माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या मुलांना बारावीला ६० टक्के असतील तर व्यावसायिक शिक्षणासाठी ती मिळते. २०१९ पासून मुलांना दरमहा २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये. एका मुलीच्या एका वर्षाचे ३६,००० होतात. एवढी बचत कॅन्टीनच्या कोणत्या खरेदीत होते?

शेवटी विधवांबद्दल. नवरा गेल्यावर कार्ड तिच्या नावावर होते, पण अनेकदा ते असते दिराच्या खिशात, पिनसकट. महिन्याची मर्यादा दुसरेच संपवतात आणि ती बाई तेल-साबण गावच्या दुकानातून उधारीवर घेते. वाडीतल्या माजी सैनिकांनी आधी हे करावे: अशा प्रत्येक घरी जावे, कार्ड तिच्या हातात द्यायला लावावे, पिन बदलून घ्यावा आणि पहिल्या खेपेला तिला सोबत घेऊन कॅन्टीनला जावे.