वाघ दिसला नाही!

आमच्या हुडकेश्वरातील एक सुशिक्षित कुटुंब नुकतेच मेळघाट पाहून परतले. प्रवास कसा झाला असे विचारताच उत्तर मिळाले, "काय सांगावे, सर! वाघ दिसला नाही, पैसे बुडाले. त्यापेक्षा ताडोबा बरा." हे उद्गार एकाच घरातले असते तर आम्ही लेखणी उचलली नसती, परंतु आम्हां नागपूरकर पांढरपेशांचे सारे वनदर्शन अलीकडे या एका वाक्यात आटोपते, म्हणून चार शब्द लिहिणे भाग आहे.

देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाटाची गणना १९७३ साली झाली, ती वाघ जगावा म्हणून. सातपुड्याच्या खोल दऱ्यांत आणि सागाच्या दाट रानात त्याला आडोसा मिळतो, हीच त्या अरण्याची थोरवी; आणि तीच आमच्या तक्रारीचे कारण व्हावी, यास काय म्हणावे? जो रानपिंगळा शतकाहून अधिक काळ नामशेष मानला गेला आणि १९९७ साली सातपुड्याच्याच पायथ्याशी पुन्हा आढळला, तो याही रानात राहतो. त्याची कोणी चौकशी केली नव्हती. ज्या कोरकू वाटाड्याने या मंडळींस दिवसभर हिंडविले, त्याची बोली मराठीच्या किंवा गोंडीच्याही कुळातली नसून संथाळी-मुंडारीच्या कुळातली आहे. त्याच्याशी हे बोलले मोडक्या हिंदीत, आणि तेही वाघ कोठे आहे, एवढेच!

कोणी म्हणेल, व्याघ्रप्रकल्पात जाऊन वाघाची इच्छा धरू नये काय? अवश्य धरावी, आम्हासही ती आहे. परंतु तिकिटाच्या मोबदल्यात वाघाचा हिशेब मागणे ही दुकानदारी झाली.

असो. आमचा खरा राग गाविलगडापायी आहे. चिखलदऱ्यास लागूनच हा किल्ला आहे. तेथे १५ डिसेंबर १८०३ रोजी किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, आर्थर वेलस्लीने किल्ला घेतला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांना कटक व वर्धेपलीकडचा मुलूख सोडावा लागला. नागपूरच्या राज्याचे भाग्य जेथे फिरले, ते स्थळ आमच्या शेजाऱ्यांनी मोटारीतूनच पाहिले. "तिथे काय आहे, नुसते दगड!"

त्यांस दोष देताना आम्हास स्वतःचीच लाज वाटते. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टन झाला. १८१५ च्या वॉटर्लूचा नकाशा आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर काढला. गाविलगडाची वाट मात्र पन्नाशी उलटल्यावर प्रथम चढलो. दरवाज्यावर कोरलेल्या शार्दूलांखाली त्या दिवशी आमच्यावाचून दुसरे कोणी नव्हते.

शेजाऱ्यांच्या धाकट्यास येत्या सुटीत आम्ही तेथे नेणार आहोत. वाघ दिसेल का, असे त्याने विचारलेच. दगडाचा दिसेल, असे आम्ही सांगून ठेवले आहे.