आपली मुले कोणत्या दाराने आत जाणार?

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत एकच प्रश्न फिरतो, आता पुढे काय? ताडीवाला रोड असो, कासेवाडी असो की दांडेकर पूल, उत्तरही ठरलेले : बी.ए.ला नाव घाल आणि स्पर्धा परीक्षेला बस. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. जागा मूठभर आणि उमेदवार लाखो, अशी स्थिती असताना पाणी आणि वीज या क्षेत्रांकडे आपण पाठ का फिरवावी?

पाण्याशी आपले नाते संघर्षाचे आहे. याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पुढे खडकवासला धरणाच्या कामाला साहित्य पुरवण्याचे कंत्राटही त्यांनी घेतले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, पण ते तेथेच थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून पाटबंधारे आणि विजेचे धोरण त्यांच्या हाती होते. दामोदर खोरे योजनेची आखणी त्याच काळातली. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाईसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. तळ्यावरचा हक्क आणि धरणावरचा अभियंता ही त्यांच्या दृष्टीने एकाच लढ्याची दोन टोके होती.

आज चित्र काय आहे? गटारात उतरणारा माणूस बहुधा आपलाच असतो. २०१३ मध्ये कायदा झाला. गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. पण भरपाईने घरचा कर्ता परत येत नाही. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी २०१६ मध्ये जपानी कर्जाचा करार झाला आणि पुण्यात ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची योजना आखली गेली. अशा केंद्रांना पंपचालक, वीजतंत्री, प्रयोगशाळा सहायक, अभियंते लागतात. तेथे आपला मुलगा कोणत्या दाराने जाणार? चेंबरचे झाकण उघडून, की नियंत्रण कक्षाच्या दारातून?

वाटा अनेक आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये वीजतंत्री, तारतंत्री, नळ कारागीर हे अभ्यासक्रम आहेत. ते करून शिकाऊ उमेदवारी पूर्ण करावी. महावितरणची विद्युत सहायक भरती आयटीआय झालेल्यांतूनच होते. स्थापत्य वा विद्युत पदविका घेतली तर जलसंपदा खात्यात, महापालिकेत कनिष्ठ अभियंता होता येते. पदवीधराला लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा आहे. १९१६ पासूनचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र तर आपल्या खडकवासल्यातच आहे. आपल्या वस्तीतल्या किती मुलांनी ते आतून पाहिले? २०२४ च्या सूर्यघर योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याचे आहे. ती बसवणारे, दुरुस्त करणारे हात आपले का नसावेत? खांबावर चढून काम करणाऱ्या मुलीही महावितरणमध्ये आहेत. तेव्हा 'हे मुलींचे काम नव्हे' असे कोणी सांगू नये.

सावधही राहिले पाहिजे. सरकारी कामे ठेकेदाराकडे जात आहेत आणि ठेकेदाराच्या दारात आरक्षण थांबते. म्हणून कायम भरतीची मागणी सोडायची नाही आणि स्वतः परवानाधारक ठेकेदार होण्याची तयारीही करायची. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या कर्ज योजना आणि पुण्यातच असलेल्या बार्टीची प्रशिक्षणे यांची माहिती वस्तीपर्यंत आपणच पोहोचवली पाहिजे.

हे काम कोणी करायचे? विहाराने आणि जयंती मंडळाने. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर आपल्याच समाजातला एखादा लाइनमन, एखादी कनिष्ठ अभियंता मुलांसमोर उभी करा. अर्ज कसा भरायचा, कागदपत्रे कोणती, जातपडताळणी कधी करायची, हे त्यांच्या तोंडून ऐकवा. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करा आणि त्या पैशांत दोन मुलांची आयटीआयची फी भरा. 'शिका' या आदेशाचा आजचा एक अर्थ हाही आहे.