निकालानंतरचे पान

२२ जुलै १९०८. रात्री दहाच्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयात न्या. दिनशा दावर यांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. ज्यूरीत नऊजण, पैकी सात युरोपियन; कौल सात विरुद्ध दोन. याच दावरांनी १८९७ मध्ये बॅरिस्टर म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. ‘केसरी’तले लेख, टिळकांचे एकवीस तासांचे भाषण, गिरणी कामगारांचा सहा दिवसांचा संप, हे सारे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्यापुढचे पान मात्र सहसा उलटत नाही. यंदाच्या दिवाळी अंकाच्या आरंभी आम्ही ते उलटत आहोत.

उच्च न्यायालयात ज्यूरीपुढे शिक्षा झाली, तर तेव्हा हक्काचे अपील नव्हते. प्रिव्ही कौन्सिलकडे जायचे तर प्रकरण अपिलास योग्य असल्याचा दाखला त्याच न्यायालयाकडे मागावा लागे. टिळकांना तो मिळाला नाही. अमरावतीचे नामांकित वकील दादासाहेब खापर्डे थेट लंडनला गेले, तिथे दीर्घकाळ राहिले, खटपट करत राहिले. प्रिव्ही कौन्सिलनेही दार उघडले नाही. १८९७ च्या शिक्षेनंतर तेच झाले होते. त्या वेळी टिळकांची बाजू मांडणारे अ‍ॅस्क्विथ १९०८ मध्ये खुद्द ब्रिटनचे पंतप्रधान होते. टिळक तरीही मंडालेच्या तुरुंगातच राहिले.

आज अपिलाचा हक्क आपल्याला कायद्याने मिळाला आहे, आणि आपण त्याला ‘पळवाट’ म्हणतो. आपल्या पक्षाच्या माणसाला शिक्षा झाली की खटला खोटा, समोरच्याला झाली की अपील म्हणजे वेळकाढूपणा. ही भाषा आम्हाला मान्य नाही. राजकारणाने तापलेल्या हवेत दिलेला निकाल शांत डोक्याने पुन्हा तपासला जाणे, ही आरोपीवरची मेहेरबानी नव्हे. ती न्यायाचीच गरज आहे.

अशी फेरतपासणी पुढे टिळकांच्याही वाट्याला आली. १९१६ मध्ये स्वराज्यावरच्या भाषणांसाठी पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. बॅ. जिना यांनी बाजू मांडली. मुंबई उच्च न्यायालयात न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला. सरकार तेच होते, न्यायालयही तेच.

वाचकहो, ज्याचे राजकारण तुम्हाला मुळीच पटत नाही असा कुणी उद्या शिक्षेविरुद्ध अपील करील, तेव्हा आधी निकालपत्र वाचा, मग बोला.