यंत्रानं माणसाला हाक मारावी

अम्मीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी दोन दिवस तिच्याजवळ होतो. म्हणजे शरीरानं होतो, मांडीवर लॅपटॉप उघडाच. दूरच्या सर्व्हरवर एका मोठ्या डेटाबेसचं काम चाललं होतं. दर पाच मिनिटांनी मी खिडकी बदलून संपलं का ते बघायचो. डोळ्यावर पट्टी असूनही अम्मीला ते कळलं. म्हणाली, "सारखं काय बघतोस रे त्यात?" मी म्हटलं, "काम संपायची वाट बघतोय." ती म्हणाली, "मग संपल्यावर ते तुला हाक मारत नाही का?"

बारा वर्षं या धंद्यात आहे, पण इतका साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

आमच्या कामात हे रोजचंच आहे. बॅकअप, मायग्रेशन, बिल्ड यांतलं काहीतरी तास-दोन तास चालतं आणि माणूस स्क्रीनची राखण करत बसतो. बरं, हाक मारायची सोय जुनीच आहे. टेलिप्रिंटरवर खरीखुरी घंटा असायची आणि १९६३ साली आलेल्या आस्की संकेतावलीत ७ हा क्रमांक त्या घंटेसाठीच राखलेला आहे. आजही कमांडच्या शेवटी प्रिंटएफनं बॅकस्लॅश-ए छापलं, की ते चिन्ह एसएसएचमधून बाकीच्या अक्षरांसारखंच आपल्यापर्यंत येतं आणि घंटा सर्व्हरवर न वाजता आपल्या टर्मिनलवर वाजते.

नवशिके नेमके इथेच फसतात. आपल्या लिनक्सवर नोटिफाय-सेंड चालतं, म्हणून ते सर्व्हरवरही तेच चालवतात. पण ती कमांड ज्या मशीनवर चालते, त्याच मशीनच्या डेस्कटॉपला निरोप देते. सर्व्हरला डेस्कटॉपच नसतो, मग निरोप घेणार कोण? उपाय घंटेच्याच वाटेवर आहे. काही टर्मिनल ठरावीक एस्केप चिन्हं आली की स्वतःच डेस्कटॉपवर सूचना दाखवतात. आयटर्म२ मध्ये ओएससी ९, युआरएक्सव्हीटीत ७७७, किटीत ९९. मध्ये टीमक्स असेल तर तो ही चिन्हं अडवतो. ३.३ आवृत्तीपासून 'अलाऊ-पासथ्रू' ही सोय आहे, ती मुद्दाम चालू करावी लागते.

लॅपटॉप बंद केला तर मात्र हे सगळं निरुपयोगी, कारण जोडणीच तुटते. अशा वेळी काम टीमक्समध्ये ठेवावं आणि शेवटी कर्लनं फोनवर निरोप धाडावा. एनटीएफवायसारखी मुक्त सॉफ्टवेअरं त्यासाठीच आहेत. फक्त एक पथ्य पाळा. तिथल्या सार्वजनिक सर्व्हरवर विषयाचं नाव ज्याला ठाऊक असेल, तो निरोप वाचू शकतो. तेव्हा नाव सहज ओळखता येणार नाही असं ठेवा आणि निरोपात ग्राहकाचं नाव, पत्ता, पासवर्ड यांतलं काहीही घालू नका.

इथवर सोपं होतं. मी जिथं ठेच खाल्ली ते पुढं आहे.

अम्मीच्या त्या प्रश्नानंतर मी मोठ्या उत्साहानं सगळीकडे सूचना लावल्या. एका रात्री फोन वाजला: "बॅकअप झाला." मी निवांत झोपलो. सकाळी फाईल उघडली तर अर्धीच. डेटाबेसचा डंप मध्येच तुटला होता, पण पुढे पाइप लावून जोडलेल्या जीझिपनं जेवढं हाती आलं तेवढं नीट बांधून ठेवलं होतं. शेल अशा साखळीत शेवटच्या कमांडचाच निकाल खरा मानतं. जीझिपचं काम शून्य चुकीनं पार पडलं, म्हणून सूचनाही आली. जुनी प्रत शिल्लक होती म्हणून निभावलं. नसती तर त्या खोट्या निरोपावर विसंबून मी काय पुसून टाकलं असतं, या विचारानं आजही पोटात गोळा येतो.

कुकरची शिट्टी झाली म्हणजे भात शिजला असं नसतं. वाफ कोंडली, एवढंच ती सांगते. तांदळाच्या भांड्यात पाणी घालायचं राहिलं असेल, तर आत काय झालंय ते झाकण काढल्यावरच कळतं.

म्हणून माझं मत असं, की "संपलं" एवढंच सांगणारी सूचना नसलेली बरी. निरोपात तीन गोष्टी हव्यातच: कोणतं काम, किती वेळ लागला आणि निकाल काय. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'पाइपफेल' चालू करा. कमांड संपताक्षणी डॉलर-प्रश्नचिन्हातला आकडा बाजूला काढून ठेवा, कारण मध्ये दुसरी कोणतीही कमांड चालली की तो बदलतो. आकडा शून्य असेल तर यश, नाहीतर अपयश, आणि निरोप दोन्ही वेळा गेला पाहिजे. फक्त यश कळवणाऱ्या व्यवस्थेत काम अजून चालू आहे की कधीच मेलंय, हे आपल्याला कळत नाही. बॅकअपच्या बाबतीत तर फाईल उघडून बघितल्याशिवाय "झाला" म्हणूच नये.

काही मित्र म्हणतात, आधीच फोन दिवसभर किणकिणतोय, त्यात ही आणखी भर कशाला? त्यांचं म्हणणं खोटं नाही. दहा सेकंदांच्या कामालाही घंटा लावली, तर आठवड्याभरात कान तिकडे दुर्लक्ष करायला शिकतात आणि खरी हाकही त्यात बुडते. ज्या कामासाठी आपण जागेवरून उठू शकतो, तेवढ्यालाच सूचना लावावी. माझी मर्यादा पाच मिनिटांची आहे.

अम्मीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाही सर्व्हरवर काम चालू होतं. या वेळी लॅपटॉप पिशवीतच राहिला. आम्ही बोलत बसलो होतो. फोन एकदा थरथरला: काम अयशस्वी, चाळीस मिनिटं, डिस्क भरली. मी अम्मीला सांगून दहा मिनिटं बाहेर गेलो, जागा मोकळी केली, काम पुन्हा लावलं आणि परत तिच्याजवळ येऊन बसलो. तिनं विचारलं, "हाक मारली वाटतं त्यानं?"